रेल-ट्रेलच्या कौटुंबिक सहलीआधी दोघांची शनिवार-रविवारची सराव राइड : कोल्हापुरात कुठे, किती आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नवरा-बायको, राहायला राजारामपुरीत. दिवाळीच्या सुट्टीत १३ वर्षांची मुलगी आणि १० वर्षांचा मुलगा यांना घेऊन न्यूझीलंडची ओटागो सेंट्रल रेल-ट्रेल सायकलने करणार, सायकली तिथंच भाड्याने घेणार. त्याआधी मुलांना आजीकडे ठेवून एक शनिवार-रविवार दोघांनीच सराव करायचा आहे. रस्ता कोणता घ्यावा, अंतर किती ठेवावं, आणि पन्हाळा-जोतिबा चढून आलं तर तयारी झाली म्हणायची का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: नाही. पन्हाळ्याने दम वाढतो, ते चांगलंच. पण रेल-ट्रेलवर दम संपत नाही, बूड आणि तळहात संपतात. तो सराव घाटात होतच नाही.

कारण असं. रेल-ट्रेल म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून त्याच भरावावर केलेली वाट. ओटागोची ही लाइन १९९० मध्ये बंद झाली आणि २००० मध्ये क्लाइड ते मिडलमार्च असा १५२ किमीचा पूर्ण पट्टा सायकलसाठी खुला झाला. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढाला घसरतं, म्हणून रेल्वे चढ फार टाळते. कोकण रेल्वेचा चढ १५० मीटरला १ मीटर एवढाच ठेवलाय. भोर घाटात तो ३७ ला १ आहे, तिथं गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं. ओटागोत जास्तीत जास्त ५० ला १. सायकलवर हा चढ डोळ्याला दिसत नाही, फक्त सायकल आज जरा जड चाललीय असं वाटत राहतं. आणि चढ नाही म्हणजे खरा उतारही नाही. पन्हाळ्याहून खाली येताना तुम्ही वीस मिनिटं पायडल न मारता येता, सीटवरून उठता, हातपाय मोकळे करता. इथं तो आराम नाही. ४० किमीचा दिवस ताशी १३ किमीच्या सरासरीने तीन तासांवर जातो. मिनिटाला ७० पायडल धरले तर जवळपास १३,००० फेरे, एकाच बैठकीत, खडीच्या बारीक थरथरीवर. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणून तुमच्या सरावाचा खरा पेपर शनिवारी नसतो. तो असतो रविवारी सकाळी, सीटवर पुन्हा बसल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात. एकाच दिवशी ९० किमी मारण्यापेक्षा ४५ ते ५० असे दोन दिवस लागोपाठ करा, मध्ये बाहेर मुक्काम करा, आणि त्यातले निदान १५ किमी डांबर सोडून मुरमावर चालवा. प्रवासाला निघायच्या साधारण तीन आठवडे आधी. त्याहून उशीर केला तर जे चुकलं ते दुरुस्त करायला, घासलेली कातडी भरून यायला वेळ उरत नाही.

आता रस्ता. रेल-ट्रेल म्हटल्यावर कोल्हापूर-मिरज लाइनच्या कडेची पायवाट डोळ्यासमोर येते. वळिवडे, रुकडी, हातकणंगले भागात ती मोकळी आणि मोहात पाडणारी दिसतेही. तिथं जाऊ नका. ती चालू रेल्वेची हद्द आहे, विनापरवाना शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि मागून येणारी गाडी वाऱ्यात ऐकू येत नाही. शिरोली-हातकणंगले-जयसिंगपूर हा सांगली रस्ताही सरावाचा नाही: सपाट आहे, पण ट्रक-बसच्या वाहतुकीत तुमचं सगळं लक्ष आरशात आणि कडेला जाईल, शरीराकडे जाणार नाही.

त्यापेक्षा दक्षिणेकडून जा. उचगाव, गडमुडशिंगी, वसगडे, पट्टणकोडोली, हुपरी, इचलकरंजी, शिरढोण, कुरुंदवाड आणि पंचगंगेचा पूल ओलांडून नृसिंहवाडी. साधारण ५० किमी, सपाट, दर चार-पाच किलोमीटरवर गाव, चहा आणि पाणी. वाडीत भक्तनिवासात राहायची सोय होते. शनिवार-रविवारी गर्दी असते, खोली आधी सांगून ठेवा आणि सायकली रात्री आत घेता येतील का तेही तेव्हाच विचारा. रविवारी त्याच वाटेने परत. नवा रस्ता शोधायची हौस या वेळी नको, कारण काल आणि आजची तुलना करायची तर रस्ता तोच हवा.

मुरमाचा पट्टा मुद्दाम शोधावा लागतो आणि तो आपल्याकडे भरपूर आहे: पाणंदी. हुपरी ते इचलकरंजी भागात डांबरी रस्त्यावरून उसाच्या फडात शिरणाऱ्या पाणंदीत मुरूम टाकून दाबलेला असतो. रेल-ट्रेलच्या खडीशी सगळ्यात जवळचं असं कोल्हापुरात तेच आहे. तीन-चार किलोमीटरची एखादी पाणंद पकडा आणि जाऊन-येऊन दोन फेऱ्या करा. वाट शेतकऱ्याची आहे. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर आला की उतरून कडेला उभं राहायचं. एक खबरदारी: सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस होऊन गेला असेल तर मुरूम संपून काळं रान सुरू होतं तिथूनच मागं फिरा. ओली काळी माती टायरला चिकटते, मडगार्ड आणि ब्रेकच्या मध्ये जाऊन बसते, आणि शंभर पावलांत चाक फिरायचंच थांबतं. ढकलूनही सायकल जात नाही, उचलूनच आणावी लागते. नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून जायचा शॉर्टकट कुणी सांगितला आणि वरून पाणी वाहत असेल तर, ते कितीही उथळ दिसो, जाऊ नका. शेवाळावर सायकल उभी राहत नाही.

दिवाळीआधीच्या या काळाचा एक फायदा आहे, गाळप सुरू झालेलं नसतं. एकदा कारखाने पेटले की याच रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, कडेने चाललेल्या सायकलला जागा राहत नाही. सरावाची तारीख पुढं ढकलायची पाळी आली तर हे लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी उजाडताच निघा. ऑक्टोबरचं ऊन साडेदहानंतर अंगावर येतं. तोवर ३५ किमी झाले पाहिजेत, आणि वाटेतले थांबे धरूनही ते आरामात होतात. पहिले दहा किमी मुद्दाम हळू, १२ च्या वेगाने. बोलताना वाक्य मध्ये तोडावं लागत असेल तर वेग जास्त आहे, एवढंच मोजमाप पुरे.

जोडप्यांच्या राइडमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं ते इथं, म्हणून जरा थांबून सांगतो. दोघांतला एक वेगवान असतोच. तो पुढं जातो, झाडाखाली थांबतो, पाणी पितो, पाय मोकळे करतो. पाच मिनिटांनी दुसरं माणूस पोचतं आणि वेगवान म्हणतो, "आलीस? चल." पुढच्याने विश्रांती घेतली, मागच्याने अजिबात नाही. असं चार वेळा झालं की मागचं माणूस दमतं, चिडतं, आणि आपण कमी पडतोय असं मनात घेतं. प्रत्यक्षात त्याला एकदाही थांबायला मिळालेलं नसतं. नियम एकच ठेवा: थांबा शेवटचं माणूस सायकलवरून उतरून पाणी प्यायल्यावर सुरू होतो, आणि निघायचं ते त्याच माणसाने म्हटल्यावर. चालताना हळू जाणारं पुढं, वेग तेच ठरवणार. वारा समोरून असेल तेवढाच वेळ वेगवानाने पुढं येऊन वारा अडवायचा, आणि मागच्याने मुरमावर दोन मीटर अंतर राखायचं. वेगवानाला फारच मोकळं वाटत असेल तर सामान त्याच्या कॅरिअरवर टाका. सहा-सात किलोची बॅग दोघांचा वेग बऱ्यापैकी सारखा करते.

हेच तुम्हाला मुलांसोबत लागणार आहे. तिथं एक पालक सगळ्यात पुढं, एक सगळ्यात मागं, मुलं मध्ये. पुढच्याने मागच्याला कधीही नजरेआड होऊ द्यायचं नाही. त्याच्या सवयीसाठी शनिवारी हळू जाणाऱ्याने पुढं राहा, रविवारी वेगवानाने, पण वेग दोन्ही दिवस हळू जाणाऱ्याचाच. आणि दर ८ किमीला थांबा, तुम्हाला गरज नसली तरी, कारण दहा वर्षांचा मुलगा तेवढ्यावर थांबणारच आहे आणि त्या थांब्यांनी दिवस किती लांबतो ते आधी कळलेलं बरं. ५० किमीला सहा थांबे, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे एक तास सरळ वाढला.

सीटबद्दल. उंची अशी लावा: भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग चवडा पायडलवर आणला की गुडघ्यात हलका बाक राहतो, तो बरोबर. गुडघा पुढच्या बाजूने, वाटीखाली दुखला तर बहुतेक वेळा सीट खाली आहे. मागच्या बाजूने, लवणीत ओढ बसली तर सीट वर आहे. एका वेळी ५ मिलिमीटरच बदला आणि त्यावर दहा किमी चालवा. सीटची पाठ सपाट ठेवा. टोचतं म्हणून अनेक जण सीटचं नाक खाली झुकवतात. मग शरीर पुढं घसरतं, ते हातांनी मागं ढकलत राहावं लागतं, आणि तासाभरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. बोटं बधिर झाली की लोक हातमोजे बदलतात. आधी सीटचा कोन बघा.

जाड जेलचं मऊ कव्हर घालू नका. बसण्याची दोन हाडं त्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन नको तिथं दाबतो. मध्यम कडक, तुमच्या हाडांच्या रुंदीची सीट हवी. पॅड असलेली शॉर्ट घ्या, ती आतल्या कपड्याशिवाय घालायची असते, कारण घासतात त्या आतल्या कपड्याच्या शिवणी. मांडीच्या सांध्यात पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. वाडीला पोचल्यावर पहिलं काम आंघोळ आणि कोरडे कपडे. ओल्या शॉर्टमध्ये तासभर बसून राहिलात तर रविवारी पुळी आलेली असेल. प्रत्येकाला दोन शॉर्ट हव्यात. हा खर्च टाळू नका, बाकी कपडे घरातलेच चालतील.

हवेचं गणितही नीट सांगण्यासारखं आहे. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात सायकल टेकवली की टायर दगडासारखा होईपर्यंत हवा मारली जाते. डांबरावर ते खपतं. मुरमावर असा टायर प्रत्येक खड्यावरून उडतो, पकड सुटते, वळताना पुढचं चाक बाजूला जातं आणि सगळी थरथर मनगटात येते. ४० मिलिमीटर रुंद टायरवर ७५ किलोच्या माणसाने पुढं ३८ आणि मागं ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावं; ६० किलोच्या माणसाने ३२ आणि ३६. दोन इंचांहून रुंद टायर असेल तर आणखी ८-१० ने कमी. सामान ज्याच्या मागे त्याच्या मागच्या चाकात ४ जास्त. मीटर असलेला हातपंप विकत घ्या आणि आकडा बघूनच भरा, अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही. फार कमी केलं तर मात्र दगडावर आदळताना ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली जाते. ट्यूबवर साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर समजा हवा कमी होती. काट्याला एकच भोक असतं.

पाणंदीत काटा बाभळीचा असतो आणि तो फसवतो. बाहेरचा भाग मोडून जातो, टोक टायरच्या रबरात आत राहतं, नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवायचं नाही, टोक बोटात जाईल. कापसाचा बोळा किंवा जुन्या बनियनचा तुकडा आतून सावकाश फिरवा. जिथं धागा अडकतो तिथं काटा आहे. आतून बाहेर ढकला, चिमट्याने ओढा. मग उलट दिशेने पुन्हा एकदा बोळा फिरवा, कारण काटे बहुधा जोडीने असतात. दोन ट्यूब, पॅच, टायर रिमवरून काढायच्या तीन पट्ट्या (टायर-लिव्हर), छोटा पंप आणि ॲलन की म्हणजे षटकोनी पान्यांचा संच जवळ ठेवा. मागचं चाक काढून ट्यूब बदलणं दोघांनाही आलं पाहिजे, एकट्याला येऊन उपयोग नाही. शनिवारी दुपारी वाडीत एकदा दुसऱ्याकडून करून घ्या, पहिला नुसता बघत राहील.

खाण्याचं सोपं आहे. तासाला एक केळं किंवा मूठभर गूळ-शेंगदाणे, अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि ऊन चढल्यावर दिवसातून एकदा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात कालवलेलं ओआरएस. पाकीट अर्ध्या बाटलीत घालून दाट करू नका, पोटात कळ येते. निघताना पोहे किंवा भाकरी-दूध चालेल. मिसळ नको, कटाचं तेल पोटात तासन् तास राहतं आणि वाकून पायडल मारताना घशाशी येतं. मिसळ रविवारी घरी आल्यावर, वाडीची बासुंदी शनिवारी रात्री. ओटागोत मात्र या रस्त्यासारखी पावलोपावली गावं नाहीत, मोकळ्या माळातून लांब टप्पे आहेत. म्हणून एक टप्पा असा करा की इचलकरंजी ते वाडी वाटेत काहीही विकत घ्यायचं नाही, जवळचंच पाणी आणि खाणं. माणशी दोन लिटर लागतात की कमी, ते कळेल.

ओटागोच्या वाटेवर बोगदेही आहेत, पूलबर्न घळीत दोन आणि पुढं हाइड गावाच्या बाजूला एक. आत दिवा नाही. बॅटरी हातात घेऊन उतरून चालायचं. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळे बसायला वेळ लागतो, त्यामुळे तोंडाशीच थांबा आणि गॉगल काढा. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर एक जण आत आणि एक जण बाहेर रडत उभा, असं होतं.

रविवारी काय बघायचं? सीटवर बसताना टोचणं ठरलेलंच आहे. वीस-तीस मिनिटांत ते बोथट झालं तर सगळं ठीक. वाढत गेलं, एकाच बाजूला राहिलं, किंवा मुंग्या येऊन भाग बधिर झाला, तर सीटची रुंदी किंवा उंची चुकली आहे. तेवढ्यासाठी नेट लावून पुढं चालवत बसू नका. वाडीहून शिरोळमार्गे जयसिंगपूर जवळ आहे, तिथून रेल्वे आहे. पण सायकल ब्रेकव्हॅनमध्ये लगेज म्हणून बुक करावी लागते आणि लहान स्टेशनवर गाडी थांबते तेवढ्यात ती चढत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या छोटा हत्तीवाल्याचा नंबर शनिवारीच घेऊन ठेवा. एकाचा गुडघा दुखतोय आणि दुसरा म्हणतोय की आता थोडंच राहिलंय, ही परिस्थिती टाळायची असेल तर परत फिरण्याची अट आदल्या रात्री ठरवा: वेदना सलग दहा किमी वाढत राहिली तर गाडी बोलवायची, चर्चा नाही.

राइडवरून आलात की मुलांसाठी दिवसांची विभागणी पुन्हा तपासा. १५२ किमी चार दिवसांत म्हणजे रोजचे ३८. तुम्हाला दोघांना ५० सहज गेले तरी मुलांसाठी मी पाच दिवसच सांगेन. क्लाइड ते ओमाकाऊ साधारण ३७ किमी, तिथून ओटुरेहुआ २९, मग सर्वांत उंच ६१८ मीटरचा माथा ओलांडून रॅनफर्ली २५, नंतर हाइड ३२, शेवटी मिडलमार्च २७. माथ्याचा दिवस सगळ्यात छोटा आलाय, तो तसाच राहू द्या. उघड्या माळावर समोरून वारा आला तर २५ किमीला चाळिसाची मेहनत लागते. नोव्हेंबरात तिथं वसंत संपत आलेला असतो, सकाळ गार आणि ऊन कडक, तेव्हा पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट आणि वारा अडवणारं जॅकेट दोन्ही लागेल. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे, हेल्मेट कायद्याने सक्तीचं. मुलांची हेल्मेट इथंच घेऊन त्यांना दोन आठवडे घालायला लावा.

सायकली भाड्याच्या असल्या तरी रविवारी संध्याकाळी एक काम करून ठेवा. क्रँकच्या, म्हणजे पायडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत टेपने मोजा आणि प्रत्येकाचा सेंटिमीटरचा आकडा फोनमध्ये लिहा, मुलांचाही. तिथं सायकल हातात आली की पाच मिनिटांत तीच उंची लागते. जमलेली सीट सोबतच न्या. खालच्या दांड्या बहुतेक सायकलींना सारख्याच ७ मिलिमीटरच्या असतात आणि एका ॲलन कीने ती बदलते. पायडलही नेणार असाल तर डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरू नका, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर ते सुटतं.

आणि बूट धुवा. न्यूझीलंडच्या विमानतळावर माती लागलेले बूट, वापरलेलं सायकलचं सामान आणि खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते, न केल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड आहे. पाणंदीतला मुरूम बुटाच्या तळव्यातल्या खाचांत आणि सीटच्या खालच्या बाजूला बसलेला असतो. जुन्या टूथब्रशने तो खाचेखाचेतून काढा, बूट दोन दिवस उन्हात वाळवा, आणि चिवडा-लाडू नेणार असाल तर फॉर्मवर त्या रकान्यात हो असंच लिहा.